देवघेव विभागात पडून राहिलेली पुस्तके : निर्लेखन कोणत्या निकषाने करावे?

प्रश्न : कार्यवाह_कोकण

नमस्कार.

कोकणातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या आमच्या सार्वजनिक वाचनालयाचा कार्यवाह म्हणून मी गेल्या वर्षभरापासून काम पाहत आहे. पेशाने मी शिक्षक होतो. वाचनाची आवड आहे, परंतु ग्रंथालयशास्त्राचे शिक्षण नाही, आणि आधीचे कार्यवाह सलग बावीस वर्षे एकहाती कारभार पाहून निवृत्त झाल्यामुळे बऱ्याच गोष्टी त्यांच्याबरोबरच निघून गेल्या आहेत. वाचनालय ‘ब’ वर्गातील असून दाखल नोंदवहीतील (आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन जिच्यात नोंदवतात ती वही) शेवटचा क्रमांक अकरा हजारांच्या पुढे गेलेला आहे. प्रत्यक्षात कपाटांमध्ये आणि रॅकवर मिळून साडेनऊ हजारांच्या आसपास पुस्तके असावीत, असा ग्रंथपालबाईंचा अंदाज आहे. सभासद पावणेदोनशे आहेत, त्यांपैकी नियमित येणारे साठ ते सत्तर.

अडचण जागेची आहे. वाचनालयाला दोन खोल्या आणि एक पडवी आहे. पडवीत वर्तमानपत्रे वाचणाऱ्यांची बाके असतात, तेव्हा तिला हात लावता येत नाही. गेल्या दोन वर्षांत खरेदी केलेली आणि भेट म्हणून आलेली पुस्तके ठेवायला कप्पे नसल्याने ती टेबलाखाली गठ्ठ्यांत पडून आहेत, आणि दुसरीकडे ज्यांच्याकडे वर्षानुवर्षे कोणी पाहिलेले नाही अशा पुस्तकांनी भिंतीकडची सर्व कपाटे अडवली आहेत. सभासदांची तक्रार अशी की, ‘नवीन काही नाही’. नवीन आहे, पण ते जमिनीवर आहे.

कार्यकारी मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा दोन टोकाची मते निघाली. एका ज्येष्ठ सदस्यांच्या मते वाचनालयातून पुस्तक काढून टाकणे हे पाप आहे आणि जागा नसेल तर माळा बांधावा. खजिनदारांच्या मते जुने सगळे रद्दीत द्यावे आणि त्या पैशांत दोन रॅक घ्यावेत. मला दोन्ही पटत नाही, पण तिसरा मार्ग कोणत्या निकषावर आखावा हे कळत नाही. शिवाय ग्रंथसंख्या कमी झाली तर वर्ग खाली येईल आणि अनुदानाला कात्री लागेल, अशी भीतीही सर्वांच्या मनात आहे.

तेव्हा ज्यांनी छोटे वाचनालय प्रत्यक्ष चालवले आहे त्यांच्याकडून जाणून घ्यावयाचे आहे की, कोणते पुस्तक काढायचे हे आपण कसे ठरवता, कागदोपत्री कोणती काळजी घेता, आणि काढलेल्या पुस्तकांचे पुढे काय करता? त्याला जोडूनच एक उपप्रश्न : सभासदांकडे अडकलेली आणि परत न आलेली पुस्तके या हिशेबात कुठे धरावीत?

उत्तर १ : दाखलक्रमांक

आपल्या प्रश्नात आपण दोन आकडे दिले आहेत आणि त्यांच्यातील फरकाकडे आपले लक्ष गेलेले दिसत नाही. दाखल नोंदवही अकरा हजारांच्या पुढे आणि प्रत्यक्ष पुस्तके साडेनऊ हजार, म्हणजे दीड हजारांहून अधिक पुस्तके कागदावर आहेत आणि जागेवर नाहीत. निर्लेखनाचा, म्हणजे पुस्तक संग्रहातून व नोंदीतून रीतसर कमी करण्याचा, विचार त्यानंतरचा. आधी ग्रंथपडताळणी केल्याशिवाय एकही पुस्तक हलवू नये, असे मी विदर्भातील एका वाचनालयात तीस वर्षे ग्रंथपाल म्हणून काढल्यानंतर आग्रहाने सांगेन. कारण आज आपण दोनशे पुस्तके काढलीत आणि उद्या कोणी पडताळणी मागितली, तर ते दीड हजारही आपल्याच काळात गेले, असे दिसेल.

ती पुस्तके कुठे गेली असतील, याची कारणे बहुधा साधी असतात. काही सभासदांकडे राहिली, काही बांधणीला गेली आणि बांधणाऱ्याकडेच विसरली गेली, काही वाळवीने खाल्ल्यावर कोणीतरी जाळून टाकली पण नोंदवहीत शेरा मारला नाही, आणि काही कदाचित एखाद्या पावसाळ्यात भिजली. कोकणात तर हे शेवटचे कारण नक्कीच असणार. नोंदवहीच्या शेवटच्या रकान्यात शेरा लिहिण्याचा कंटाळा हा आपल्याकडील छोट्या वाचनालयांचा जुना आजार आहे.

पडताळणीसाठी वाचनालय पंधरा दिवस बंद ठेवण्याची गरज नसते. एकाने कपाटातील पुस्तकाचा दाखल क्रमांक मोठ्याने वाचावा आणि दुसऱ्याने क्रमांकांच्या छापील तक्त्यावर तो खोडावा. दाखल नोंदवहीवरच खुणा करत बसलात तर ती दोन पडताळण्यांत वाचण्यासारखी उरत नाही, म्हणून वेगळा तक्ता. रोज एक कपाट घेतले तरी काम दोन महिन्यांत संपते. त्यानंतर देवघेव नोंदवहीतून बाहेर असलेल्या पुस्तकांचे क्रमांक खोडावेत, मग बांधणीला गेलेले. जे उरतील ते खरे हरवलेले. मात्र त्यांची यादी लगेच मंडळापुढे ठेवू नये, सहा महिन्यांनी तीच यादी घेऊन पुन्हा एकदा कपाटे पाहावीत. चुकीच्या जागी खोचलेली पुस्तके त्या वेळी सापडतात, आणि ती थोडीथोडकी नसतात.

किती पुस्तके हरवणे क्षम्य मानावे, याला एक आधार आहे. केंद्र शासनाच्या सामान्य वित्तीय नियम २०१७ मधील नियम २१५ प्रमाणे, वर्षभरात वाचकांना दिलेल्या वा वाचनासाठी काढलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाच ग्रंथांची हानी वाजवी समजली जाते, अर्थात ती अप्रामाणिकपणामुळे किंवा निष्काळजीपणामुळे झालेली नसेल तर. येथे पुष्कळांची गफलत होते. हे प्रमाण संग्रहातील हजार पुस्तकांवर लावायचे नसून देवघेवीतील हजार पुस्तकांवर लावायचे आहे. आपल्याकडे वर्षाला सहा हजार पुस्तकांची देवघेव होत असेल तर तीस पुस्तकांची हानी त्या मर्यादेत बसते. त्याच नियमात असेही आहे की वीस हजारांपर्यंत ग्रंथ असलेल्या ग्रंथालयाने दरवर्षी संपूर्ण पडताळणी करावी. हा नियम केंद्र शासनाच्या ग्रंथालयांसाठी आहे, आपल्यासारख्या संस्थेला तो थेट लागू नाही, परंतु मंडळापुढे ठराव मांडताना ‘आमचे मन म्हणते’ यापेक्षा अशा मापदंडाचा आधार घेतलेला बरा.

आता निकषांकडे येतो. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर चिकटवलेली तारखेची चिठ्ठी हा सर्वांत प्रामाणिक साक्षीदार आहे. कथा-कादंबरी पाच वर्षांत एकदाही बाहेर गेली नसेल तर ती विचारार्थ बाजूला काढावी, चरित्र, इतिहास, प्रवासवर्णन यांना दहा वर्षांची मुदत द्यावी. याउलट काही विभाग असे आहेत जिथे चिठ्ठी पाहायचीच नाही, छपाईचे वर्ष पाहायचे. स्पर्धा परीक्षांची जुनी मार्गदर्शके, रद्द झालेल्या अभ्यासक्रमांची पुस्तके, डॉस आणि फॉक्सप्रो शिकवणारी संगणकाची पुस्तके, वीस वर्षांपूर्वीची प्राप्तिकराची माहिती. ही केवळ निरुपयोगी नाहीत, ती वाचकाची दिशाभूल करतात. कायद्याच्या पुस्तकांच्या बाबतीत थोडा विचार लागतो. भारतीय दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, म्हणून जुनी सर्व पुस्तके काढून टाकावीत असे वाटेल, परंतु त्या तारखेपूर्वी घडलेल्या गुन्ह्यांचे खटले जुन्याच संहितेप्रमाणे चालतात. तेव्हा एक चांगली सटीप प्रत संदर्भ विभागात ठेवावी आणि उरलेल्या प्रती काढाव्यात.

वर्ग खाली जाण्याची भीती अनाठायी नाही. आपल्याकडे ग्रंथालयाचा वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या मोजली जाते, पुस्तक वाचले जाते की नाही हे त्या आकड्यात दिसत नाही, आणि त्यामुळे मेलेली पुस्तके सांभाळण्याकडेच संस्थांचा कल राहतो. पण आपण आपल्या वर्गाच्या किमान संख्येपासून पुष्कळ वर आहात. एका वर्षात जितकी नवी पुस्तके दाखल होतात, साधारण तितकीच काढावीत, म्हणजे संख्या घसरत नाही आणि तपासणीच्या वेळी एकदम मोठा खड्डाही दिसत नाही. यादी करावी, तीत दाखल क्रमांक, नाव, किंमत आणि काढण्याचे कारण लिहावे, मंडळाचा ठराव करावा, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयाशी आधी लेखी पत्रव्यवहार करावा आणि मगच नोंदवहीत लाल शाईने ठराव क्रमांक व दिनांक घालावा. दाखल क्रमांक मात्र कधीही पुन्हा वापरू नये. मी पाहिलेल्या एका वाचनालयात रिकाम्या झालेल्या क्रमांकांवर नवी पुस्तके चढवली होती. त्यानंतर तेथे कोणती नोंद कोणत्या पुस्तकाची, हे देवालाही सांगता आले नसते.

जाता जाता : पडून राहणारी पुस्तके कपाटात येतात कुठून, हेही एकदा पाहावे. अनुदानाचा दुसरा हप्ता हाती पडायला बहुतेकदा वर्षअखेर उजाडते आणि मग ३१ मार्चच्या आत बिल लावण्यासाठी विक्रेत्याच्या यादीतून जे उपलब्ध असेल ते उचलले जाते. आपल्या ‘न वाचलेल्या’ कपाटातील दाखल तारखा पाहिल्यात तर त्यांत मार्च महिना किती वेळा येतो, ते मोजा.

उत्तर २ : खिडकीपलीकडून

दाखलक्रमांक यांचे पडताळणीविषयीचे म्हणणे पूर्ण मान्य आहे, पण तारखेच्या चिठ्ठीवर त्यांनी ठेवलेला विश्वास मला थोडा जास्त वाटतो. मी मराठवाड्यातील एका वाचनालयात देवघेवीच्या खिडकीवर गेली अकरा वर्षे बसते. पुस्तक बाहेर जात नाही याचा अर्थ ते कोणाला नको आहे असा होतोच असे नाही. ते कोणाला दिसत नाही, असाही होतो.

आमच्याकडे पूर्वी सर्व पुस्तके कुलूपबंद काचेच्या कपाटांत होती. सभासद यादीतून नाव सांगत आणि आम्ही काढून देत असू. यादी जुनी झालेली, नवी नावे तिच्यात नाहीत, त्यामुळे लोक तीच तीच दहा-बारा लेखकांची नावे सांगत. सात वर्षांपूर्वी आम्ही मुक्तद्वार पद्धत, म्हणजे सभासदाने स्वतःच कपाटाशी जाऊन पुस्तक निवडण्याची पद्धत, सुरू केली. चोऱ्या होतील अशी सगळ्यांना धास्ती होती. चोऱ्या झाल्या, पण फार थोड्या, आणि ज्या पुस्तकांच्या चिठ्ठीवर १९९० च्या दशकानंतर शिक्का नव्हता त्यांतील कितीतरी पुस्तके त्या वर्षी पहिल्यांदा घरी गेली. लोकांनी ती हातात घेऊन चाळली, एवढेच कारण. शिवाय गुडघे दुखणाऱ्या सभासदांच्या वाचनालयात सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवलेले पुस्तक हे निर्लेखित केल्यासारखेच असते. आमचे निम्म्याहून अधिक नियमित वाचक साठीच्या पुढचे आहेत. म्हणून खालचा कप्पा आम्ही रिकामा ठेवला आणि तिथे फक्त नियतकालिकांचे बांधीव खंड ठेवले.

तेव्हा माझी सूचना अशी की, चिठ्ठीवरून बाजूला काढलेले पुस्तक लगेच यादीत घालू नये. त्याला एक वर्षाची मुदत द्यावी. दाराजवळ, नजरेच्या उंचीवर एक रॅक ठेवावा आणि दर महिन्याला त्यावर अशी तीस-चाळीस पुस्तके मुखपृष्ठ दिसेल अशा रीतीने उभी करावीत. आम्ही तसे केले तेव्हा साधारण चारांतले एक पुस्तक पुन्हा फिरू लागले. उरलेल्या तिघांची यादी करताना मग कोणाच्याही मनात किंतु राहिला नाही, अगदी आमच्याकडच्या ‘पाप’ म्हणणाऱ्या ज्येष्ठांच्याही. दुसरी एक गंमत सांगते. वाचनालयातील सर्वांत जास्त पाहिला जाणारा गठ्ठा म्हणजे त्या दिवशी परत आलेल्या पुस्तकांचा. कोणीतरी वाचून परत केले म्हणजे ते वाचनीय असणार, असे प्रत्येकाला वाटते. आम्ही तो गठ्ठा संध्याकाळपर्यंत मुद्दाम जागेवर लावत नाही, आणि कधी कधी, हे जरा लबाडीचे आहे, त्यात दोन पडून राहिलेली पुस्तके सरकवून देतो.

मांडणीचाही यात मोठा वाटा आहे. पुस्तकांना विषयवार अंक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा अंक आणि त्यातील कादंबरी-कथांना ८९१.४६३. आपल्यासारख्या वाचनालयात निम्मा संग्रह त्या एकाच अंकाखाली येतो, मग पुस्तकाच्या पाठीवर तो छापून वाचकाला काय उपयोग? पाठीवर मोठ्या अक्षरात लेखकाच्या आडनावाचे पहिले अक्षर आणि रंगीत पट्टी, कादंबरीला एक रंग, कथेला दुसरा, चरित्राला तिसरा, एवढे पुरते. वर्गांक आत दाखलपानावर असू द्यावा.

परत न आलेल्या पुस्तकांविषयी. बहुतेक ठिकाणी अनामत पंधरा-वीस वर्षांपूर्वी ठरलेली असते आणि पुस्तकांच्या किमती मात्र त्यानंतर तिपटीने वाढलेल्या असतात. शंभर रुपये अनामत ठेवून साडेपाचशे रुपयांची कादंबरी नेणाऱ्याने ती परत केली नाही, तर हिशेबाने तो फायद्यातच असतो. आम्ही अनामत वाढवली नाही, कारण त्यामुळे नवे सभासद येत नाहीत. त्याऐवजी एका विशिष्ट किमतीवरील पुस्तक नव्या सभासदाला पहिले सहा महिने मिळत नाही, असा नियम केला. दंडाचे म्हणाल तर तो पुस्तक परत आणण्याऐवजी पुष्कळदा परत येणेच थांबवतो. दोन वर्षे पुस्तक घरी राहिलेला माणूस दंडाच्या लाजेने वाचनालयाचा रस्ताच टाळतो. आम्ही दर वर्षी दिवाळीनंतर पंधरा दिवस दंड माफ करतो. त्या वेळी दिवाळी अंकांची योजना सुरू झालेली असते, तिची वेगळी वर्गणी भरायला लोक येतातच, आणि येताना जुनी पुस्तकेही आणतात. जी तरीही येत नाहीत त्यांच्यासाठी मी स्वतः फोन करते. ‘तुमच्याकडे पुस्तक आहे’ असे न म्हणता ‘त्या पुस्तकाला मागणी आली आहे, वाचून झाले असेल तर पाठवता का’ असे विचारते. सगळ्यात जास्त काळजी बहुखंडी पुस्तकांची घ्यावी. तीन खंडांतील मधला एक गेला की उरलेले दोन खंड त्याच दिवशी मेले. त्यामुळे आमच्याकडे पुढचा खंड आधीचा परत आल्याखेरीज मिळत नाही.

उत्तर ३ : जुनी_छपाई

मी वाचनालय चालवत नाही. मी जुन्या मराठी छापील पुस्तकांचा अभ्यासक आहे आणि रद्दीच्या दुकानांतून फिरणे हा माझा अनेक वर्षांचा परिपाठ आहे. त्यामुळे वरील दोन्ही उत्तरे वाचताना मला थोडी धडकी भरली. देवघेवीचा निकष १९५० नंतरच्या पुस्तकांना लावा. त्याआधीच्या पुस्तकाला तो लावू नये. शंभर वर्षांपूर्वीचे पुस्तक घरी नेऊन कोणी वाचणार नाही, आणि त्याचा कागद पाहता कोणी नेऊही नये, पण ते जगात उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक असू शकते.

मोठ्या शहरांतील जुन्या संस्थांकडे सगळे असेलच, असे समजून छोट्या गावांनी निश्चिंत राहू नये. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ मधले आहे, नाशिकचे सार्वजनिक वाचनालय १८४० मधले, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले आणि मुंबईचे १८९८ मधले. या संस्थांनी पुष्कळ जपले आहे, तरीही तालुक्याच्या गावी निघालेली मासिके, स्थानिक छापखान्यात शंभर-दोनशे प्रती छापलेली कुलवृत्तांते, देवस्थानांच्या हकिकती, गावच्या नाटक मंडळींनी छापलेली पदांची पुस्तके त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती. प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत ठरावीक ग्रंथालयांना देण्याचे बंधन घालणारा आजचा कायदा १९५४ चा आहे, आणि तो असूनही पुष्कळ स्थानिक छपाई त्याच्या बाहेर राहते.

जुने पुस्तक हाती आले की पहिली चौकशी शंकर गणेश दाते यांच्या मराठी ग्रंथसूचीत करावी. तिचा पहिला भाग १८०० ते १९३७ या काळातील पुस्तकांचा आहे आणि दुसरा १९३८ ते १९५० या काळातला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या वाचनालयात ती पाहायला मिळावी. तिच्यात नोंद आढळली नाही, तर ते पुस्तक निरुपयोगी असल्यामुळे नव्हे, तर दात्यांसारख्या चिकाटीच्या माणसाच्याही नजरेस न पडल्यामुळे गळले असण्याची शक्यता अधिक. ते कपाटात कुलूप लावून ठेवावे. १८६७ पूर्वीची पुस्तके, ज्यांना आपण दोलामुद्रिते म्हणतो, ती आढळली तर तो आनंदाचा दिवस समजावा आणि तज्ज्ञ माणसाला बोलवावे.

ठेवायचे म्हणजे कसे, हेही सांगतो, कारण कोकणातील हवेत नुसते ठेवणे म्हणजे कसरीला जेवण वाढणे होय. लोखंडी कपाट भिंतीपासून चार बोटे दूर असावे, कारण पावसाळ्यात भिंत पाझरते आणि पाठीमागची पुस्तके आधी बुरसतात. पुस्तके कप्प्यात ठासून भरू नयेत, हवा खेळली पाहिजे. पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत, सगळी पुस्तके एकदा बाहेर काढून सावलीत उघडून ठेवावीत, उन्हात नको. तुटलेल्या पानांना पारदर्शक चिकटपट्टी लावू नये, ती काही वर्षांत पिवळी पडते आणि अक्षरांसकट कागद खाते. पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या पिठाची खळ हे जुने औषधच चांगले, मात्र खळ घरी शिजवलेली आणि ताजी असावी, कारण उरलेली खळ किड्यांना फार आवडते. आणि बांधणाऱ्याला देताना कडा कापू नकोस असे बजावून सांगावे. कडा सरळ करण्याच्या नादात समासातील हस्ताक्षरे आणि कधी कधी मजकूरही कापला गेलेली पुस्तके मी असंख्य पाहिली आहेत.

एका मुद्द्यावर मात्र मी आपल्या खजिनदारांच्या बाजूने आहे. माळा बांधू नका. कोकणातील माळ्यावर गेलेले पुस्तक रद्दीत गेलेल्या पुस्तकापेक्षा आधी नष्ट होते. रद्दीतून मी तरी ते उचलू शकतो.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : कार्यवाह_कोकण

तिघांचेही मनापासून आभार. या उत्तरांच्या छापील प्रती काढून मी मंडळाच्या बैठकीत वाचून दाखवल्या, आणि निर्लेखनाचा विषय सध्या बाजूला ठेवून आधी पडताळणी करण्याचा ठराव एकमताने झाला. ग्रंथपालबाई आणि मी मिळून पहिली चार कपाटे संपवली आहेत. मार्च महिन्याविषयी लिहिले होते ते वाचून मी हसलो होतो. आता हसू येत नाही. तिसऱ्या कपाटातील चिठ्ठी कोरी असलेल्या सत्तेचाळीस पुस्तकांपैकी एकतीस पुस्तकांची दाखल तारीख मार्चच्या शेवटच्या आठवड्यातील निघाली.

चौथ्या कपाटात खाली, बारावीच्या मार्गदर्शकांच्या मागे, आमच्याच तालुक्यातील एका गावच्या शाळेच्या १९३० च्या दशकातील वार्षिक अहवालांचा बांधीव गठ्ठा सापडला. तो दाखलच झालेला नव्हता. खजिनदारांच्या आजोबांचे नाव त्यात विद्यार्थ्यांच्या यादीत आहे. त्यामुळे रद्दीचा प्रस्ताव सध्या तरी कोणी मांडत नाही.

दोन शंका उरल्या आहेत. मराठी विश्वकोशाचे वीस खंड आमच्याकडे आहेत आणि विश्वकोश आता संकेतस्थळावर उपलब्ध असल्यामुळे ते काढावेत, असे एका तरुण सदस्याने सुचवले आहे. खंडांनी जवळजवळ दोन कप्पे अडवले आहेत. आपले मत काय? दुसरी शंका किरकोळ आहे. पुढे जेव्हा पुस्तके काढू तेव्हा त्यांच्यावर वाचनालयाचा शिक्का असेल. तो खोडावा का, आणि कसा?

उत्तर ४ : दाखलक्रमांक

विश्वकोश ठेवावा. संकेतस्थळावर माणूस शोधलेली नोंद वाचतो. खंड उघडल्यावर शेजारची, न शोधलेली नोंदही वाचतो, आणि आपल्या पडवीतील बाकावर बसणाऱ्यांपैकी किती जण भ्रमणध्वनीवर लांबलचक नोंद वाचतील, याचाही विचार व्हावा. मात्र ते खंड देवघेवीच्या खोलीत कपाटात ठेवू नयेत. पडवीजवळच्या संदर्भ रॅकवर ठेवावेत, घरी देऊ नयेत, म्हणजे देवघेवीचे दोन कप्पे मोकळे होतील. खिडकीपलीकडून यांच्या गुडघ्यांच्या मुद्द्याची आठवण ठेवून ते खालच्या कप्प्यात मात्र लावू नयेत. एकेक खंड चांगला वजनदार असतो.

शिक्क्याची शंका किरकोळ नाही. जुना शिक्का खरवडू नये, कागद फाटतो आणि पुस्तक चोरीचे असल्यासारखे दिसते. शिक्का तसाच ठेवून त्यावर तिरकी रेघ मारावी आणि मुखपृष्ठाच्या मागे, नामपृष्ठावर व गुप्त पानावर (ओळख पटावी म्हणून वाचनालय आतल्या ज्या ठरलेल्या पानावर शिक्का मारते ते), म्हणजे आपण जिथे जिथे शिक्के मारले असतील तिथे तिथे, ‘निर्लेखित’ असा वेगळा शिक्का, ठराव क्रमांक आणि कार्यवाहांची सही घालावी. आम्ही एका वर्षी हे केले नव्हते. चारशे पुस्तके रद्दीवाल्याला दिली आणि पुढच्या तीन महिन्यांत गावातील चार सज्जन माणसे ‘तुमचे पुस्तक रद्दीत सापडले, सोडवून आणले’ असे सांगत एकूण एकोणीस पुस्तके परत घेऊन आली. त्यांतील एकाने तर त्यासाठी रद्दीवाल्याला पंचाहत्तर रुपये मोजले होते. ते पैसे आम्ही किरकोळ खर्चात टाकून त्यांना परत दिले, आणि लेखापरीक्षकांनी त्या पावतीवर विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देताना माझी जी धांदल उडाली, ती आपली उडू नये.